पगारवाढ करा, पण पुढच्या सभागृहाची

आमदारांचे पगार वाढले की ‘लोकसेवेला पगार कशाला?’ हा सवाल ठरलेला. ऐकायला तो साधेपणाचा वाटतो, पण इतिहासात त्याने श्रीमंतांचीच सोय पाहिली आहे. ब्रिटनमध्ये चार्टिस्ट चळवळीने 1838च्या सनदेत सहा मागण्या केल्या, त्यांत खासदारांना वेतन ही एक होती. गिरणी कामगार लंडनच्या सभागृहात जाऊन बसला तर त्याच्या घरची चूल कशी पेटायची? ही मागणी मान्य व्हायला 1911 उजाडले. तोवर मजूर खासदारांचा भार प्रामुख्याने कामगार संघटना उचलत. 1909च्या ऑस्बोर्न निकालाने संघटनांच्या या खर्चालाच मनाई केली आणि त्यानंतर अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी वर्षाला 400 पौंडांची तरतूद केली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मात्र आमदाराला 1889पासून दोन वर्षांचे मिळून 200 डॉलरच मिळतात. एवढ्यावर आमदारकी कोणाला परवडेल, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे पगार असूनही कोट्यधीशच निवडून येतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे मूळ निवडणुकीच्या खर्चात आहे. पगार तोडल्याने तो खर्च रुपयानेही कमी होणार नाही, उलट पदरमोड न परवडणारा जो एखादा आत पोचतो, तोही बाहेर राहील.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे कारकिर्दीवर मर्यादा. कॅलिफोर्नियाने 1990मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी सहा आणि वरिष्ठसाठी आठ वर्षांची मर्यादा घातली. कामकाज अंगवळणी पडेपर्यंत निघायची वेळ आली, तर अनुभव उरतो तो अधिकाऱ्यांकडे आणि हितसंबंधीयांच्या मध्यस्थांकडे. 2012मध्ये तिथल्या मतदारांनीच नियम बदलून एकाच सभागृहात बारा वर्षे काढण्याची मुभा दिली.

लोकांचा खरा राग आहे तो आपला पगार आपणच वाढवून घेण्यावर, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट 2016मध्ये पगारवाढीचे विधेयक चर्चेविनाच मंजूर झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष अशा वेळी कसे एकदिलाने वागतात! संसदेने 2018मध्ये खासदारांचे वेतन महागाईशी जोडले, ते ठीकच. पण अमेरिकेचे घटनाकार जेम्स मॅडिसन यांनी 1789मध्ये सुचवलेली तोड अधिक नेमकी आहे: वेतनातला बदल मधे एक निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा. अमेरिकेच्या घटनेत ती यायला 1992 लागले. आपल्याला एवढे थांबायचे कारण नाही. अनुच्छेद 195नुसार आमदारांचे वेतन विधिमंडळच कायद्याने ठरवते, म्हणून त्या कायद्यात एक कलम घातले की पुरे. पुढचे सभागृह ते रद्द करू शकेल, हे खरे, पण त्यासाठी त्याला उघडपणे विधेयक आणून मत द्यावे लागेल.