कमावलेलें कातडें

गेल्या महिन्यांत या सदरांत तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, पावसाळ्यांत वहाणा, कमरपट्टे व चामडी पिशव्या यांवर बुरशी चढते, तिला उपाय काय? उपाय सांगतों, परंतु आधीं कातडें म्हणजे काय हें पाहणें अवश्य आहे, नाहींतर उपायांतील मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं.

मराठींत कातडें 'कमावतात'. पहिलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो, संसारी मनुष्य चार पैसे कमावतो. त्याच क्रियापदानें आपल्या भाषेनें या धंद्याचा गौरव केला आहे. कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें आणि वाळलें तर लांकडासारखें ताठ होतें. त्याला मऊ, चिवट व न कुजणारें करणें म्हणजे कमावणें.

आमच्या नगर जिल्ह्यांत (२०२४ सालापासून अहिल्यानगर) कातडें कमावण्याचें काम परंपरेनें ढोर समाजाकडे व त्याच्या वस्तु शिवण्याचें काम चर्मकारांकडे असे. साहित्य सारें रानांतलें: ओढ्याकांठच्या बाभळीची साल, माळावरच्या तरवडाची साल आणि अकोले तालुक्यांतील डोंगरांत मिळणारा हिरडा. कातडें धुवून कांहीं दिवस चुन्याच्या पाण्यांत ठेवीत. त्यानें केंस सैल होत. मग केंस व आंतील मांसाचा थर खरवडून, चुना पुरता धुवून, तें सालीच्या काढ्यांत बुडवीत. अखेरीस त्या कातड्याचीच पिशवी शिवून ती तिकाटण्याला टांगीत आणि तींत साल व हिरडा यांचा चुरा भरून काढा ओतीत. काढा कातड्यांतून थेंबथेंब झिरपे. खालीं जमलेला पुन्हा वर ओतीत. या सगळ्यास महिना-सव्वा महिना लागे.

हिरडा चघळला असतां जीभ आकसते, हें सर्वांस ठाऊक आहे. वैद्यकांत या रसास कषाय म्हणतात. हरीतकींत लवण सोडून पांचही रस असून त्यांत कषाय प्रधान मानिला आहे. हा तुरट अंश जसा लाळेंतील प्रथिनांस धरतो, तसाच तो कातड्याच्या तंतूंस घट्ट धरून बसतो. मग कुजविणाऱ्या जंतूंचें त्यांवर सहसा चालत नाहीं. तोच अंश लोखंडाशीं मिळाला कीं काळा रंग होतो. हिरडा व हिराकस यांची शाई याच गुणानें होते. म्हणून ओली वहाण लोखंडी खिळ्यावर टांगूं नये. डाग पडेल तो शाईचाच, आणि तो सहजासहजीं निघत नाहीं.

आज बाजारांतील बहुतेक चामडें मात्र क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेलें असतें. क्नाप या जर्मन रसायनज्ञानें १८५८ सालीं ती वाट दाखविली, १८८४ सालीं शुल्ट्झ यानें अमेरिकेंत तिचें पेटंट घेतलें, आणि १९०३ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं मद्रासेंत तिचे प्रयोग आरंभिले. महिन्याचें काम तींत एकदोन दिवसांत होतें. दोहोंतील भेद पाहावयाचा तर कापलेली कड पाहावी. सालीच्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. क्रोमच्या चामड्याची बहुधा मध्यें निळसर करडी दिसते. क्रोमचें चामडें उकळतें पाणीही पुष्कळदां सोसतें. सालीचें चामडें पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधीं आकसतें.

हें सर्व मला पुस्तकांतून ठाऊक होतें. तरी गेल्या श्रावणांत भिजलेल्या वहाणा मीं शेगडीजवळ वाळत ठेवल्या. सकाळीं पाहतों तों त्या पापडासारख्या वळलेल्या! त्या घेऊन नगरांत बसस्थानकाजवळ बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकारांकडे गेलों. त्यांनीं वहाण बोटांनीं वांकवून पाहिली व विचारलें, "गुरुजी, विस्तवाजवळ ठेवल्या होत्या ना?" मीं चूक कबूल केली. मग बोलण्यांत गांव निघालें, घराणें निघालें. तेव्हां ते हंसून म्हणाले, "म्हणजे तुमच्या मळ्याची मोट आमचे आप्पाच शिवीत कीं!"

आप्पा मला लख्ख आठवले. १९६८ चा सुमार असेल. आमच्या विहिरीवर अजून पंप आला नव्हता. बैल धांवेवरून उतरत, मोट वर येई आणि थारोळ्यांत पाणी धबधबा पडे. मोट फाटली कीं आप्पा येत व विहिरीपासून दूर, बांधाशीं बसून ठिगळ लावीत. त्याबद्दल खळ्यावर त्यांस बलुतें मिळे. तहान लागली म्हणजे ते पाणी मागत, आणि त्यांनींच शिवलेल्या मोटेनें काढलेलें पाणी त्यांच्या ओंजळींत वरून ओतलें जाई. राज्यघटनेनें अस्पृश्यता १९५० सालींच नष्ट केली होती. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतही चामड्याची शुद्धि वस्त्राप्रमाणेंच होते असें सांगितलें आहे. तें वचन मीं पुढें अनेकदां वाचलें. पण वस्तु शुद्ध आणि ती करणारा हात मात्र दूर, ही विसंगति मला फार उशिरा खटकली. पाणी ओतणारा तांब्या कधींकधीं माझ्याच हातांत असे.

हें मीं त्या गृहस्थांस तेथेंच सांगितलें. ते थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आप्पा घरीं सांगत असत." इतकेंच बोलून त्यांनीं पुन्हा आरी उचलली.

वहाणा पुरत्या सुधारल्या नाहींत. परंतु त्यांनीं सांगितलेली निगा भगिनींसाठीं येथें देतों. बुरशी दिसतांच वस्तु अंगणांत नेऊन कोरड्या फडक्यानें पुसावी. घरांत झटकली तर ती इतर वस्तूंवर बसते. मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानें पुसून सांवलींत, वाऱ्यावर वाळवावी. कडक ऊन व विस्तव दोन्ही वर्ज्य. भिजलेल्या जोड्यांत कागदाचे बोळे घालावे व ते ओले झाले कीं बदलावे. साबण-सोडा लावूं नये. क्षारानें हें चामडें काळवंडतें. पुरतें वाळल्यावर एरंडेलाचे चारदोन थेंब फडक्यावर घेऊन चोळावे. तेल अधिक झालें तर चामडें लिबलिबित होऊन धूळ धरतें. वस्तु प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, सुती कापडांत गुंडाळावी. एकच जोड रोज न वापरतां मध्यें एक दिवस विसावा द्यावा, म्हणजे आंतील घाम वाळतो.

कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांत महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. नगर त्यांत नाहीं. जून २०२५ मध्यें प्राडा या इटालियन पेढीनें मिलान येथें तशाच चपला मिरविल्या. मूळ कारागिरांचें नांवही घेतलें नाहीं म्हणून आपल्याकडे मोठी ओरड झाली, व पेढीस तें मूळ मान्य करावें लागलें. ओरड योग्यच होती. मींही त्या दिवसांत घरीं तावातावानें बोललों होतों. परंतु ज्यांच्या मोटेच्या पाण्यावर आमचा मळा पिकला, त्या आप्पांचें पूर्ण नांव मला तरी कोठें ठाऊक होतें?

तें मीं त्या दिवशीं त्यांच्या चिरंजीवांस विचारून घेतलें व आमच्या घरच्या जुन्या वहींत, मळ्याच्या हिशेबाच्या पानावर, लिहून ठेविलें आहे. वाचकांसही विनंति एवढीच कीं, या पावसाळ्यानंतर जोडा शिवून घ्यावयास जाल, तेव्हां दाम देतांना शिवणाऱ्याचें नांवही विचारून घ्यावें.