रंगांचे अर्थ कोण ठरवतो?

महाविद्यालयीन मराठीची कोणतीही मार्गदर्शिका उघडली तर काव्यातील रंगप्रतिमांचा एक ठरावीक तक्ता तीत हमखास सापडतो. हिरवा म्हणजे समृद्धी, लाल म्हणजे अनुराग, पांढरा म्हणजे पावित्र्य, पिवळा म्हणजे मांगल्य आणि काळा म्हणजे अज्ञान व अशुभ. विद्यार्थ्याने तो तक्ता पाठ करावा, समोर येईल त्या कवितेला लावावा आणि गुण पदरात पाडून घ्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. तक्ता अपुरा आहे, एवढाच त्याचा दोष असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. त्याचा खरा दोष असा की, अर्थ हा रंगाच्या अंगीच असतो, असे तो गृहीत धरतो. एकदा असे मानले की तो अर्थ कोणी ठरवला, केव्हा ठरवला आणि कोणाच्या सोयीसाठी ठरवला, हे प्रश्नच उरत नाहीत. दुसऱ्या बाजूला, साहित्यातील प्रतीके हा पोट भरलेल्यांचा फावल्या वेळचा उद्योग आहे, असे मानणारे कार्यकर्ते पुरोगामी चळवळीतही कमी नाहीत. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि एकमेकांना पोसणारे आहेत.

हा तक्ता बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा या गावी नेऊन ताडून पाहावा. त्वरितादेवीच्या ठाण्यामुळे हे गाव परिचित आहे. पण येथे त्याचा विचार करायचा तो गोदावरीच्या दक्षिणेकडील काळ्या जमिनीच्या, कापसाच्या आणि ऊसतोडीसाठी परमुलखात जाणाऱ्या माणसांच्या टापूचा एक प्रतिनिधी म्हणून. मराठी गावगाड्याने आपल्या जगाचे दोनच रंगांत विभाजन केले होते. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि घरांची वस्ती ती ‘पांढरी’. येथे काळ्याला अशुभाचा वासही नाही. काळी ही आई आहे, कारण ती पोसते. मार्गदर्शिकेत अज्ञानाचे प्रतीक ठरलेला रंग शेतकऱ्याच्या भाषेत अन्नाचे नाव होऊन बसतो, याचा अर्थच असा की रंगाला अर्थ येतो तो श्रमाच्या आणि मालकीच्या संबंधांतून. त्याच भाषेत आणखीही एक गोष्ट दडलेली आहे. पांढरीच्या बाहेर ज्यांना वस्ती करावी लागली आणि काळीत राबूनही जिच्यावर ज्यांचा हक्क मानला गेला नाही, त्यांच्यासाठी या दोन रंगांच्या जगात रंगच शिल्लक ठेवला गेला नव्हता.

अभिजनांच्या परंपरेत तर हे ठरवणे उघडपणे चालले. भरताच्या नाट्यशास्त्राने प्रत्येक रसाला रंग वाटून दिला : शृंगार श्याम, हास्य पांढरे, रौद्र लाल, भयानक काळा, आणि करुण तो कपोताच्या, म्हणजे पारव्याच्या रंगाचा. रंगभूमीची सोय म्हणून यात वावगे काही नाही. परंतु ‘वर्ण’ या एकाच शब्दाने रंग आणि समाजातील पायरी हे दोन्ही अर्थ वाहिले, तेव्हा सौंदर्यशास्त्र आणि समाजशास्त्र यांची गाठ पडली. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू चार वर्णांना पांढरा, तांबडा, पिवळा आणि काळा असे चार रंग सांगतो. त्याच संवादात भरद्वाज शंका काढतो : रंगानेच वर्ण ठरत असतील, तर सगळेच वर्ण सरमिसळ झालेले दिसतात, त्याचे काय? शिवाय काम, क्रोध, भय, भूक आणि श्रम सर्वांनाच सारखे ग्रासतात, मग भेद कशावरून करायचा? ज्यांना रंगांचा तक्ता प्राचीन आणि म्हणून निर्विवाद वाटतो, त्यांनी ही तितकीच प्राचीन शंका वाचावी.

मराठी संतांनी ही शंका पुढे नेली. पंढरीचा देव काळा आहे, आणि वारकऱ्यांच्या काव्याने त्या काळेपणाची कोठेही क्षमा मागितलेली नाही. उलट त्यातच सौंदर्य पाहिले. चोखोबांनी तर बाह्य रंगाला भुलणाऱ्यांपुढे उसाचा दाखला ठेवला : ऊस वाकडा असला म्हणून रस वाकडा होत नाही. हा दाखला नुसत्या भक्तीचा नाही. ज्याला मंदिराच्या पायरीशी अडवले गेले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर ज्याचा अंत झाला, त्या माणसाने वर्णाला दिलेले ते उत्तर आहे. पुढे सातासमुद्रापार अमेरिकेतही ‘काळा’ आणि ‘पांढरा’ या शब्दांचे अर्थ शब्दकोश उघडून ताडून पाहिले, तर हेच दिसते की भाषेनेच निकाल आधी देऊन ठेवला आहे. तिथल्या ब्लॅक पँथरपासून (१९६६) नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. मार्गदर्शिकांच्या तक्त्यात त्या कवितेचा एकही रंग बसत नाही, हे ओघाने आलेच.

आता हिरव्याकडे वळावे. मराठी माणसाच्या मनातला श्रावण बालकवींनी रंगवला. बालकवी १९१८ मध्ये गेले. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या श्रावणाला सार्वत्रिक सत्य म्हणून मुलांच्या गळी उतरवणाऱ्या शिक्षणाशी. पर्जन्यछायेतल्या बीडमध्ये श्रावण पुष्कळदा पावसाच्या खंडाचा महिना असतो. २०२३ मध्ये तर अधिक मास धरून श्रावण दोन होते, आणि त्यांत सापडलेला ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच ऑगस्टच्या ३ तारखेला ना. धों. महानोर गेले. ‘रानातल्या कविता’ (१९६७) लिहिणाऱ्या या कवीचा हिरवा रंग वेगळा आहे, कारण तो खिडकीतून पाहिलेला नसून कसणाऱ्याने पाहिलेला आहे. त्याच्यामागे पाण्याची काळजी उभी आहे. पैठणला जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले आणि त्याचा उजवा कालवा गेवराईच्या शिवारातून माजलगावकडे गेला. तेव्हापासून या टापूत हिरवे दोन प्रकारचे आहे : पाणी पोचलेल्या शेतातले बारमाही हिरवे, आणि आभाळाकडे पाहणाऱ्या शेतातले चार महिन्यांचे हिरवे. ‘हिरवा म्हणजे समृद्धी’ हे विधान पहिल्याच्या मालकापुरते खरे आहे. ऊस तर सर्वांहून हिरवा; पण तो तोडायला बीडमधून जी कुटुंबे कोयता घेऊन सहा-सहा महिने घर सोडतात, त्यांच्यासाठी तो हिरवा रंग उचल फेडण्याचा आहे.

पांढऱ्याचीही तीच कथा. कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणण्याची रीत आहे. सोने ज्याच्या घरी पिकते तो गरीब का राहतो, हा प्रश्न या रूपकाने कायमचा झाकून टाकला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली; बोंडअळीची चिंता मिटली असे सांगण्यात आले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली. गुलाबी हा मराठी भावगीतांचा लाडका रंग, कोवळ्या प्रेमाचा. कापूस वेचणाऱ्या बाईला त्याच रंगाचे नाव ऐकून आज काय आठवते, हे एखाद्या समीक्षकाने विचारले पाहिजे.

रंगांचे अर्थ केवळ कवी ठरवतात, या भ्रमातूनही बाहेर आले पाहिजे. आधुनिक काळात शासन आणि बाजार हे रंगांचे सर्वांत मोठे भाष्यकार आहेत. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या : वार्षिक १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्यांना पिवळी, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, आणि त्याहून अधिक असणाऱ्यांना पांढरी. लग्नाच्या हळदीचा पिवळा रंग त्या दिवसापासून खेड्यात दारिद्र्याचा शासकीय दाखला झाला. ‘पिवळं कार्ड’ या दोन शब्दांत माणसाची पत, त्याचा आजार, त्याच्या मुलाचे शिक्षण हे सारे मोजले जाऊ लागले. केशरी रंगाला एकीकडे त्यागाचे आणि शौर्याचे प्रतीक म्हणून डोक्यावर घेतले जाते. दुसरीकडे, आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या १४ जिल्ह्यांतील, म्हणजे बीडमधीलही, केशरी कार्डधारक शेतकऱ्याला २०१५ पासून माणशी दरमहा मिळणारे ५ किलो स्वस्त धान्य थांबवून २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी १५० रुपये देण्याचे ठरले. म्हणजे किलोला ३० रुपये. बाजारभाव त्यावर गेला की तफावत शेतकऱ्याने सोसायची. केशरी रंगावर भाषणे करणाऱ्या किती जणांनी या केशरी कार्डावर तोंड उघडले?

बाजाराचे भाष्य अधिक गोड असते. देवीचे रंग म्हणजे हळद, कुंकू आणि मळवट, ही शतकांची ओळख. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीतून नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापून येऊ लागले, आणि पाहता पाहता ती ‘परंपरा’ झाली. शास्त्राचा आधार नसलेली प्रथा वीस वर्षांत धर्म बनते, कारण तिच्यामागे साड्यांची विक्री उभी असते. त्वरितादेवीच्या तलवाड्यासारख्या गावांतही तो नऊ रंगांचा हिशेब पोचायला फार काळ लागत नाही. नऊ साड्या परवडण्याची ऐपत मात्र त्याच्याबरोबर येत नाही.

राहता राहिला लाल. हा रंग चळवळीचा आहे. पॅरिस कम्यूनपासून (१८७१) तो कष्टकऱ्यांचा मानला गेला, आणि नारायण सुर्व्यांच्या पिढीने तो मराठी कवितेत सन्मानाने आणला. परंतु आपला रंग आहे म्हणून त्याची तपासणी टाळणे हा मार्गदर्शिकेचाच रोग होय. लाल म्हणजे क्रांती, असा तक्ता पाठ करणारा कार्यकर्ता आणि लाल म्हणजे अनुराग असे लिहिणारा परीक्षार्थी यांच्यात पद्धतीचा फरक नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा झाला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि महिन्याचे चार दिवस म्हणजे बुडीत मजुरी. या स्त्रीच्या आयुष्यातला सर्वांत महाग पडलेला लाल रंग कोणत्या तक्त्यात आहे? कुंकवाच्या लाल रंगावर ओव्या आहेत, झेंड्याच्या लाल रंगावर पोवाडे आहेत. या लाल रंगावर मात्र प्रतिष्ठित साहित्य आणि प्रतिष्ठित चळवळ, दोन्ही दीर्घकाळ गप्प राहिली.

तेच कुंकू आणि तोच हिरवा चुडा, नवरा गेला की, त्यात शेतकऱ्याची आत्महत्याही आली, बाईच्या अंगावरून उतरवला जातो. एकाच क्षणी तिचे कर्ज वाढते आणि रंग काढून घेतले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांवरील या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. प्रतीकांचा प्रश्न हा फावल्या वेळचा आहे, असे म्हणणाऱ्यांना हेरवाडने उत्तर दिले आहे. चिमूटभर कुंकवाचा अर्थ बदलण्यासाठी ग्रामसभा भरवावी लागते, इतकी सत्ता त्या चिमटीत असते.

यावर एक आक्षेप येणार हे उघड आहे : अशाने कवितेची जमाखर्चाची वही होईल. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. कवितेतला रंग हा आर्थिक आकड्याचा अनुवाद नव्हे. तसे मानणारी समीक्षा मराठीत होऊन गेली आणि ती कोणी वाचत नाही. परंतु चांगला कवी तक्त्यातला अर्थ मोडतो तो कशाच्या बळावर? चोखोबा, सुर्वे, महानोर, ढसाळ यांनी तो स्वतःच्या जगण्याच्या बळावर मोडला. तेव्हा जगण्याकडे बोट दाखवणे म्हणजे कवितेचा अपमान नसून तिच्या उगमाकडे जाणे होय. अपमान होतो तो रंगांची मक्तेदारी वाटून घेतल्याने : निळा एका समाजाचा, भगवा दुसऱ्याचा, हिरवा तिसऱ्याचा. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या काळापासून निळा झेंडा माणुसकीच्या हक्कासाठी उभा राहिला; त्याला एका वस्तीच्या चौकापुरता उरवणे ही त्याच्या विरोधकांची सोय आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी करावयाचे काम साधे आहे. अभ्यासवर्गात कवितेचा तास अवश्य ठेवावा, आणि तेथे ‘या रंगाचा अर्थ काय’ याऐवजी ‘हा अर्थ कोणासाठी’ असे विचारावे. तलवाड्याच्या परिसरातून कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्यांतील स्त्रियांच्या ओव्या आणि गाणी उतरवून घ्यावीत; त्यांत रंगांचा जो कोश सापडेल तो विद्यापीठांत सापडणार नाही. गावोगावच्या ग्रामसभांत हेरवाडचा ठराव मांडावा. केशरी कार्डाचे धान्य परत मिळावे म्हणून तहसीलवर जावे. ही चारही कामे एकाच कामाची अंगे आहेत. ज्यांच्या श्रमातून काळी हिरवी होते आणि पांढरे सोने घरोघर जाते, त्यांना रंगांचे अर्थ ठरवण्याचा अधिकार मिळाल्याखेरीज साहित्यातली लोकशाही ही मार्गदर्शिकेतल्या उत्तरापुरतीच राहील.