चिठ्ठ्या आणि उचल

शेवगावातल्या एका वाचनालयाला मी दिलेल्या खरेदीच्या यादीतून तीन पुस्तके कापली गेली : सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ आणि तिचे पुढचे दोन भाग. कारण असे की त्यात मुले मुलांना मारतात. असले परदेशी वाङ्मय आपल्या पोरांना कशाला? त्याऐवजी थोरांची चरित्रे आली. चरित्रांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या ‘आपल्या पोरांना कशाला’शी.

२००८ ते २०१० या काळात आलेल्या या मालिकेत पॅनेम नावाचा देश आहे. एक चैनीत जगणारी राजधानी आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची आणि त्या चोवीस जणांना, एकच उरेपर्यंत, रिंगणात झुंजवायचे. वर ते सगळ्यांना टीव्हीवर बघायला लावायचे. आक्षेप घेणारे एवढे ऐकूनच पुस्तक मिटतात. खरी गोम तर चिठ्ठ्यांत आहे.

घरात धान्य नसेल तर मुलाने स्वतःच्या नावाची जादा चिठ्ठी टाकायची, बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतके धान्य-तेल घ्यायचे. कॅटनिस आई, बहीण आणि स्वतःसाठी दरवर्षी तीन जादा चिठ्ठ्या टाकते. जुन्या चिठ्ठ्या रद्द होत नाहीत. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झालेल्या असतात.

नववीच्या काही मुलांना मी पहिला भाग मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. इथे एका मुलीने विचारले, “सर, मग हिची उचल फिटतच नाही का?”

‘उचल’ हा शब्द पुस्तकात नाही. तो तिच्या घरातला आहे. आमच्या तालुक्यात जायकवाडीच्या फुगवट्याकडची गावे ऊस पिकवतात आणि पाथर्डीच्या बाजूच्या गावांतली माणसे ऊस तोडायला बाहेर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास निघायचे, तोडणीतून ती फेडायची. आजारी पडलात तर खाडा. उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी फडावर मुले दिसतातच. थोरली पोर कोपीत धाकट्याला सांभाळत बसते. कादंबरीतली रू बारा वर्षांची आहे. शेतीच्या जिल्ह्यातली. तिच्याकडे पिकवणाऱ्याने पीक तोंडात घातले तर चाबूक बसतो. ही गोष्ट परदेशी कुणाला वाटेल? ज्याने फड पाहिला नाही त्याला.

आपल्या कुमारसाहित्यात साहस नाही असे नव्हे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे मला आजही आवडतो. पण त्या परंपरेत वाईट असतो तो एखादा बदमाश. शेवटी पोलीस येतात आणि गोष्ट संपते. पॅनेममध्ये पोलीस पहिल्याच प्रकरणात हजर असतात आणि सारे कायद्याने चाललेले असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कायदा आणि न्याय यांतला फरक कळतो. त्या वयासाठी लिहिणाऱ्या आपल्या बहुतेकांना अजून संस्कारच करायचे आहेत.

उत्कंठेला हलके समजणाऱ्यांचे तर नवलच वाटते. कॅटनिसच्या वीस चिठ्ठ्या मोजून आपण श्वास रोखतो, आणि निघते ती जिची एकच चिठ्ठी आहे त्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीची. वर्गात त्या क्षणी कुणी हलले नाही. (पुढे कॅटनिसचे दोन मुलांमध्ये जे घुटमळणे चालते, ते मला कंटाळवाणे वाटले. मुलांना नाही वाटले.)

मुले निराश होतील, हा शेवटचा आक्षेप. माझ्या दुसऱ्या भागाच्या प्रतीचे कव्हर चार घरे फिरून गळून पडले आहे. तिसरा भाग शब्दकोशासकट एका मुलीच्या पिशवीतून फडावर गेलाय. कारखान्याचा पट्टा पडला की परत येईल.