आधी गावठाण, मग घळभरणी

पूर्णा नदीवरील जिगाव धरण प्रकल्पाच्या पुनर्वसित गावठाणांतील नागरी सुविधा कायद्याच्या कसोटीला उतरल्याचे सिद्ध होईपर्यंत घळभरणी करून धरणात पाणी अडवू नये, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पुनर्वसनाच्या मागणीसाठी पूर्णेत उतरलेल्या आंदोलकाचा जीव गेल्यानंतर यावर दुमत असण्याचे कारण उरलेले नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने बुडिताच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण करण्याचे बंधन घातले आहे. रस्ते, गटारे, पिण्याचे पाणी, शाळा, स्मशानभूमी हे सारे त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. भूसंपादनाच्या जुन्या निवाड्यांना हा कायदा लागू नाही, असा बचाव कागदावर टिकेलही. पण तहान निवाड्याची तारीख पाहून लागत नाही.

अर्धवट गावठाण सोपवले तर भार कोणावर पडेल? विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आणि पुनर्वसन यंत्रणा हस्तांतराची सही घेऊन मोकळ्या होतील. फुटकी जलवाहिनी आणि उखडलेला रस्ता ग्रामपंचायतीच्या पदरात पडेल. शेतीच बुडालेल्या घरांच्या घरपट्टीतून ही दुरुस्ती भागणार कशी?

जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक गावठाणाची तपासणी त्या बांधकामाशी संबंध नसलेल्या अभियंत्यांकडून करून घ्यावी, अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि ग्रामसभेच्या ठरावाखेरीज हस्तांतर करू नये. त्याआधी घळभरणीची तारीख जाहीर झाली, तर उद्भवणाऱ्या संघर्षाची जबाबदारी प्रशासनाची राहील.