सट्टा, कायदा आणि आपले घर

दरवर्षी उन्हाळ्यात आयपीएलचे सामने सुरू झाले की ठाणे पूर्वेच्या कोपरीत संध्याकाळचे चित्र पालटते. नोकरीहून परतणारा माणूस स्टेशनवरून पावले उचलत घर गाठतो, सोसायट्यांतून आणि चाळींतून दूरदर्शन संचांचे आवाज चढू लागतात. खेळ पाहावा, जिंकल्याचा आनंद लुटावा, हरल्यावर हळहळावे, यात गैर काहीच नाही. परंतु ज्या तरुणाच्या मोबाइलवर धावफलकाबरोबर भावही हलत असतो, त्याचे मन खेळात नसते. पुढच्या षटकात किती धावा निघणार यावर त्याचे पैसे लागलेले असतात. घरच्यांना ही गोष्ट बहुधा सर्वांत शेवटी कळते. तोवर पगार संपलेला असतो, आईचे दागिने गहाण पडलेले असतात आणि वसुलीसाठी अनोळखी माणसे दाराशी येऊ लागलेली असतात.

अशा वेळी कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. मुलाने केले ते कायद्याने गुन्हा आहे काय? आणि बुक्याचे हे देणे आपल्याला फेडावेच लागेल काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुसंख्य लोकांना ठाऊक नसतात, आणि नेमक्या या अज्ञानावर बुक्याचा धंदा चालतो. म्हणून सट्ट्यासंबंधीच्या कायद्याची आजची स्थिती वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८८७ सालचा कायदा

आपल्या राज्यघटनेने 'पैज आणि जुगार' हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत तो चौतिसाव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात या विषयावर आजही महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ हा ब्रिटिश अमदानीतील कायदा लागू आहे. या कायद्याने जुगाराच्या व्याख्येत पैज लावण्याचाही समावेश केला असून परवानाधारक शर्यतीच्या मैदानावर घोड्यांवर लावलेल्या पैजेला अपवाद केले आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तिकीट घेऊन पैज लावणारा गुन्हेगार ठरत नाही तो याच अपवादामुळे. क्रिकेटला असा कोणताही अपवाद नाही. क्रिकेटच्या सामन्यावर सट्टा घेणे महाराष्ट्रात कायदेशीर नव्हते आणि आजही नाही.

मात्र हा कायदा लिहिला गेला तेव्हा जुगार म्हणजे एखादी खोली, फासे, पत्ते आणि वहीत नोंदी ठेवणारा माणूस असे चित्र होते. १९६० च्या दशकात वरळीत मटका सुरू झाला व गिरणगावात पसरला, तेव्हाही पोलिसांना निदान चिठ्ठ्या आणि अड्डा सापडत असे. आज अड्डा खिशात मावतो. दलाल 'आयडी' देतो, मोबाइलवर खाते उघडते, पैसे कुणा तिसऱ्याच्याच बँक खात्यात जातात आणि संकेतस्थळ चालविणारा परदेशात बसलेला असतो. २०१८ च्या मे महिन्यात ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाने आयपीएलवरील सट्ट्याचे मोठे प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा हे जाळे आपल्या शहरांपासून किती दूरवर पसरले आहे याचे दर्शन सर्वांना घडले. घरात चालणाऱ्या अड्ड्यासाठी केलेला कायदा या जाळ्याला पुरा पडणे कठीणच होते.

कौशल्य की नशीब?

दुसरी अडचण कायद्यातील एका पळवाटेची होती. केवळ कौशल्यावर अवलंबून असलेल्या खेळाला १८८७ च्या कायद्याने जुगार मानलेले नाही. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेचे संरक्षण लाभलेला व्यापार नव्हे असे स्पष्ट केले, पण कौशल्याच्या स्पर्धा त्यातून वेगळ्या ठेवल्या. १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. पुढे काल्पनिक संघ निवडून पैसे लावण्याचे 'फॅन्टसी' खेळ आले. २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा खेळांत कौशल्य असल्याचे मान्य केले. त्यानंतर नामवंत क्रिकेटपटू दूरदर्शनवरून तरुणांना संघ निवडण्याचे आवाहन करू लागले, आणि जाहिरातीच्या शेवटी कुणीतरी घाईघाईने धोक्याची सूचना वाचून दाखवू लागला.

न्यायालयांचे हे विवेचन कायद्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध असेल. परंतु ज्या घरातील किराणा मालाचे पैसे गेले, त्या घराला ते कौशल्याने गेले की नशिबाने, याने कोणता फरक पडतो? कायदा इतकी वर्षे खेळाचे स्वरूप तपासत राहिला आणि खेळणाऱ्याच्या घराकडे त्याचे लक्ष गेले नाही.

२०२५ चा केंद्रीय कायदा

देशपातळीवर ही दृष्टी प्रथमच बदलली ती २०२५ साली. संसदेने ऑगस्ट महिन्यात ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. बक्षिसाच्या आशेने पैसे लावून खेळला जाणारा प्रत्येक ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा खेळांचे आर्थिक व्यवहार पार पाडणाऱ्यांनाही शिक्षेची तरतूद आहे. त्या वेळी सरकारने दिलेल्या अंदाजानुसार देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी जवळजवळ २०,००० कोटी रुपये गमावीत होते. कायदा होताच बड्या फॅन्टसी कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबविल्या. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये निरनिराळ्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग करण्यात आल्या.

या कायद्यातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. केवळ खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. त्याच्याकडे अपराधी म्हणून नव्हे, तर बळी म्हणून पाहिले आहे. तथापि अड्ड्यावर किंवा रस्त्यावर जुगार खेळताना सापडणाऱ्यास १८८७ च्या कायद्याखाली आजही शिक्षा होऊ शकते. आणि हजार-दोन हजारांच्या मोबदल्यात स्वतःचे बँक खाते दुसऱ्याला 'वापरायला' देणारा तरुण तर खेळणारा राहतच नाही. सट्ट्याचा पैसा त्याच्या नावावर फिरतो आणि चौकशीत पहिले नाव त्याचेच निघते.

देणे फेडावेच लागते काय?

आता दुसरा प्रश्न. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार निरर्थक असतो. पैजेत जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून कोणीही न्यायालयात दावा लावू शकत नाही. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. पैज लावण्यास साहाय्य व्हावे म्हणून जाणूनबुजून केलेला करार आणि पैजेसाठी दिलेली हमी हीसुद्धा त्या कायद्याने निरर्थक ठरविली. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेरुलाल पारख खटल्यात याच वेगळेपणाचा उल्लेख केला आहे.

याचा सरळ अर्थ असा की बुक्याच्या वहीतील आकडा हे कायद्याने देणे नव्हे. मुलाने सही केली म्हणून बापाने खोली विकावी असे कोणताही कायदा सांगत नाही. उलट, धमकी देऊन पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमाखाली खंडणीचा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. बँकेकडून किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून घेतलेले कर्ज मात्र, ते पैसे सट्ट्यात घालविले असले तरी, फेडावेच लागते. तसेच स्वेच्छेने भरलेले पैसे परत मिळवून देण्यास न्यायालय सहसा पुढे येत नाही.

कायदेशीर केले तर?

बंदीने काहीच साधत नाही, त्यापेक्षा सट्टा कायदेशीर करून त्यावर कर लावावा, असे काही विचारवंत सुचवितात. हे मत उडवून लावण्याजोगे नाही. २०१३ च्या आयपीएल प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ मध्ये, खेळाडू व पदाधिकाऱ्यांना वगळून, क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात तूर्तास हे इष्ट नाही असे मत दिले. परंतु बंदी परिणामकारक होत नसेल तर पैजेच्या रकमेवर मर्यादा आणि ओळखपत्राची सक्ती यांसारखे कडक नियम करावेत असे सुचविले.

अमेरिकेचा अनुभव येथे बोलका ठरतो. न्यू जर्सी राज्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये केंद्रीय बंदी रद्द केली आणि त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी खेळांवरील सट्ट्यास मान्यता दिली. राज्यांच्या तिजोरीत कर आला. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सट्टा कायदेशीर झालेल्या राज्यांत दिवाळखोरीची प्रकरणे वाढल्याचे आणि घरबसल्या मोबाइलवरून सट्टा लावण्याची मुभा आहे तेथे हा परिणाम अधिक असल्याचे दिसून आले. शेजारच्या गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत, तरी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना त्यांत खेळण्यास मनाई आहे. स्वतःच्या माणसांना ज्यापासून दूर ठेवावेसे वाटते, त्यावर महसूल मिळवावा हा विरोधाभास नव्हे काय? महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. तो निर्णय आम्हांस योग्य वाटतो.

आपली जबाबदारी

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संयत आहे. पैज किंवा नशिबाचा खेळ स्वतःहून पाप ठरत नाही. परंतु स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले की तो नैतिकदृष्ट्या अमान्य होतो, आणि त्याची आसक्ती माणसाला गुलाम करते, असे कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. आपल्या सणाच्या मैदानावर हाउजी रंगते, रॅफलची तिकिटे विकली जातात. दहा-वीस रुपयांची ही करमणूक आणि मोबाइलवरील सट्टा यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही ज्या मैदानावर आपण मुलांना आकडा लागण्याची गोडी लावतो, त्याच मैदानावर या विषयाविषयी एकदाही बोलत नाही, याचा विचार आपण करावयास हवा.

कायदा दलालाला पकडू शकेल, संकेतस्थळ बंद करू शकेल. सरकारने २०२२ नंतर अशी हजाराहून अधिक संकेतस्थळे रोखलीही आहेत. परंतु घरात निर्माण झालेली शांतता कायदा मोडू शकत नाही. मुलगा लाजेने बोलत नाही, आईवडील अब्रूच्या भयाने बोलत नाहीत, आणि या दुहेरी मौनात कर्ज दुप्पट होते. म्हणून आमची विनंती अशी की ज्या घरी हे संकट आले असेल त्या घराने प्रथम ते उच्चारावे. सट्ट्याचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने नोंदलेला विकार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतात. शासनाच्या 'टेलीमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. वकील, बँक कर्मचारी, पोलीस खात्यात सेवा केलेली मंडळी प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांनी अशा कुटुंबासाठी संध्याकाळचा एक तास द्यावा.

आणि शेजाऱ्यांनी? शेजाऱ्यांनी कुजबुज न करता दार ठोठवावे. बुक्याची माणसे त्या दाराशी पोहोचण्याआधी आपण तेथे पोहोचलो, तर एक घर वाचेल.