गाडी कोणासाठी थांबणार?

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्रीय कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. आसपास आयएनए व सरोजिनी नगरचे बाजार, तसेच एम्स व सफदरजंग ही दोन प्रचंड रुग्णालये. या परिसरात राबणारे कारकून, परिचारिका, सफाई कामगार, हमाल आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांपैकी अनेकांचे बिऱ्हाड फरिदाबाद, पलवल, गाझियाबादकडे आहे. रेल्वेचे रूळ वसाहतीजवळूनच जातात. परंतु गाडी त्यांच्या कामाची नाही. हा योगायोग नव्हे, धोरणाचा परिणाम आहे.

रिंग रेल्वे 1975 साली मालगाड्यांसाठी बांधली गेली. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने तिच्यावर प्रवासी गाड्या वाढविण्यात आल्या. पाहुणे परतले आणि राज्यकर्त्यांचा उत्साहही ओसरला. लोदी कॉलनी व सरोजिनी नगर ही स्थानके आहेत. फेऱ्या मात्र मोजक्याच. 2010 साली मेट्रोची पिवळी मार्गिका आयएनएपर्यंत आली. जोरबाग व आयएनए यांच्या दरम्यान ती याच रुळांना भूमिगत छेदते; पण जेथे दोन मार्ग भेटतात तेथे रिंग रेल्वेचे स्थानकच नाही! 2018 साली गुलाबी मार्गिका आयएनएला येऊन मिळाली. मेट्रो मेट्रोला भेटली. लोकल वेशीबाहेरच राहिली.

आता सराय काले खान येथून गुरुग्रामकडे नियोजित जलद प्रादेशिक रेल्वेच्या आराखड्यात जोरबाग-आयएनए परिसरात थांबा दाखविला गेला आहे. थांबा हवाच. परंतु तो कोणासाठी? याच योजनेतील मेरठ मार्गावर जानेवारी 2025 मध्ये न्यू अशोक नगर ते मेरठ साउथ या प्रवासाचे साधे भाडे 150 रुपये ठरले. जाण्या-येण्याचे 300 रुपये रोज मोजणे कोणत्या रोजंदारी कामगाराला परवडेल?

थांबे वाढले की वेग घटतो, असा युक्तिवाद केला जातो. हा वेग फलाटापासून फलाटापर्यंत मोजलेला आहे. कामगाराचा प्रवास घरापासून कामाच्या जागेपर्यंत असतो. गाडीची दोन मिनिटे वाचविण्यासाठी हजारोंना अर्धा तास पायपीट करावयास लावणे, हा कसला हिशेब?

थांबा म्हणजे केवळ फलाटही नव्हे. मुंबईत परळ व एल्फिन्स्टन रोड ही स्थानके शेजारी होती. गिरण्या गेल्या, कचेऱ्या आल्या, गर्दी वाढली. पूल अरुंदच राहिला. 29 सप्टेंबर 2017 रोजी त्या पुलावर वीसहून अधिक प्रवासी चेंगरून मेले.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. मार्ग जेथे एकमेकांना छेदतात तेथे गाड्या थांबल्या पाहिजेत. रिंग रेल्वेला आयएनएजवळ थांबा व कामाच्या वेळेनुसार भरपूर फेऱ्या मिळाल्या पाहिजेत. स्थानके रुंद, सुरक्षित पुलांनी जोडली पाहिजेत. लोकल, मेट्रो, बस व जलद रेल्वे यांस एकच स्वस्त मासिक पास लागू झाला पाहिजे. रूळ जनतेच्या पैशाने पडले आहेत. गाडी कोठे थांबावी, हे ठरविण्याचा अधिकारही जनतेचाच आहे. तो मागून मिळणार नाही. रेल्वे कामगार व प्रवासी यांच्या एकजुटीनेच तो मिळवावा लागेल.