दोन बादल्या पाणी

आमच्या देवपूरच्या माणसाला परगावी निघायचे झाले, की तो तीन प्रश्न विचारतो. गाडी किती वाजता, जेवणाचे काय, आणि पाणी आहे ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तरी तो चालवून घेतो. तिसऱ्याचे चुकले, की मात्र त्याचा तोल जातो. यात त्याचा दोष नाही. पांझरेच्या या काठावर राहणाऱ्या माणसाने नळाची वाट पाहण्यात जेवढे आयुष्य घालवले आहे, तेवढे देवाची वाट पाहण्यात घालवले असते, तर एव्हाना देव दोनदा येऊन गेला असता!

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की प्रस्तुत लेखकाचा प्रवासाचा उत्साह बेताचाच. नाशिकला लग्नाला आणि फार तर तोरणमाळला हवेला, एवढीच आमची धाव. पण यंदा आईने हट्ट धरला. आई ७८ वर्षांची. तिने आजवर काशी मागितली नाही, रामेश्वर मागितले नाही. एके संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मला एकदा अंदमानची ती कोठडी पाहायची आहे. पाय चालतात तोवर ने." आता यावर काय बोलणार?

सहल कंपन्यांचे आकडे पाहिले आणि ते कागद मुकाट्याने घडी करून ठेवले. शेवटी बंडूच्या परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, आमचे आम्हीच निघालो. मी, सौ., बंडू आणि आई. चाळीसगावहून आगगाडीने मुंबई, तिथून विमानाने चेन्नई, आणि चेन्नईहून समुद्रावरून साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास उडून पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून सरकारी कागदावर या गावाचे नाव श्रीविजयपुरम् झाले आहे. पण आमचा रिक्षावाला जुनेच नाव घेत होता, म्हणून मीही तेच घेतो.

उतरलो ते अ‍ॅबर्डीन बाजाराच्या मागच्या चढावरील एका साध्या लॉजमध्ये. दुमजली इमारत, हिरवे दरवाजे, पुढे नारळाची चार झाडे आणि गॅलरीत वेताच्या खुर्च्या. खोलीचे भाडे दिवसाला बाराशे रुपये. पलंगावर स्वच्छ चादर, वर पंखा, खिडकीतून समुद्राची एक निळी पट्टी. सौ.ने गादी दाबून पाहिली, पडदा झटकून पाहिला आणि मान हलवली. आमच्या घरी ही मान हलणे म्हणजे उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र!

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती लख्ख उजेडाने. आठ वाजले असावेत असे समजून मी धडपडत उठलो, तर घड्याळात पाच! हा घड्याळाचा दोष नव्हे. धुळ्यापासून अंदमान इतके पूर्वेला आहे, की तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ सव्वा तास आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र साऱ्या देशाला एकच. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतोही. जे वाचक तिकडे जातील त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पहाटे उठून दुपारपर्यंत पाहायचे ते पाहून घ्यावे. "चहा झाल्यावर निवांत निघू" म्हणणाऱ्या कुटुंबाला समुद्र अंधारातच पाहावा लागतो.

उठलो तो न्हाणीघरात गेलो आणि नळ फिरवला. नळाने एक उचकी दिली. बस्स. दुसरा फिरवला, त्याने तीही दिली नाही.

मग मी तसाच, टॉवेल खांद्यावर टाकून, खाली गेलो. मालक दाराशी फुलझाडांच्या कुंड्या सरकवत होते. पन्नाशीचे, सावळे, हडकुळे गृहस्थ. मी माझ्या धुळ्याच्या हिंदीत तोफ डागली. पैसे मोजले आहेत, म्हातारी आई बरोबर आहे, पाण्याशिवाय खोली देता कशी, भाड्यातून कापून घेईन! ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, तीन दिवस नळ आला नाही. रात्री टँकर येईल. तोवर प्रत्येक खोलीला दोन बादल्या. मी स्वतः वर आणून देतो."

"चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि आंघोळीला दोन बादल्या?" मी म्हणालो. हा टोमणा मला फार चांगला साधला असे वाटले होते. त्यांनी तो त्याआधी शेकडो पाहुण्यांकडून ऐकला असावा, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

पुढे चौकशी करता कळले ते असे. अंदमानात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या धुळ्याच्या जवळजवळ पाचपट. पण बेटे अरुंद आणि डोंगराळ, ओढे आखूड. पडलेले पाणी बघता बघता समुद्राला मिळते. गावाची मुख्य भिस्त धनीखाडीच्या धरणावर, आणि जानेवारी ते एप्रिल पाऊस जवळजवळ नाही. तेव्हा मेच्या पावसापर्यंत धरण जेवढे पुरवील तेवढे पुरवायचे. पाऊस कमी म्हणून आमची ओरड. तिथे पाऊस भरपूर आणि ओरड तीच.

मालक बादल्या घेऊन जिना चढून आले. आईने दारातच विचारले, "भाऊ, पानी शे ना?" आईला राग आला किंवा माया आली, की ती अहिराणीवर उतरते. यातले त्यांना काय कळले कोण जाणे, पण ते म्हणाले, "है माँजी, है." आईने एक बादली आत घेतली, दुसरीकडे पाहिले आणि शेजारच्या खोलीचे दार वाजवले. तिथे तान्हे मूल घेऊन आलेले एक बंगाली जोडपे होते. ती बादली तिकडे गेली.

"आई, आपण चौघे आहोत!" मी म्हणालो.

"अरे, नळ आठ-आठ दिवस येत नव्हता तेव्हा तू एका तांब्यात अंग पुसून कचेरीत जात होतास. इथे आल्याबरोबर राजा झालास?"

सौ. खिडकीतून समुद्र पाहू लागली. तिचे खांदे हलत होते.

त्या दिवशी सेल्युलर जेल पाहिला. त्याचे वर्णन वाचकांनी अनेकदा वाचले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८९६ मध्ये काम सुरू होऊन १९०६ मध्ये संपले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तिमजली इमारती; त्यांतल्या आज तीनच उभ्या. एका इमारतीच्या खिडक्यांसमोर दुसरीची पाठ, म्हणजे कैद्याला कैद्याचे तोंड दिसू नये. कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढून घेत. सावरकर १९११ मध्ये इथे आले आणि १९२१ पर्यंत होते. थोरले बंधू बाबाराव त्याच भिंतींच्या आत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीपर्यंत आई कठडा धरून, दर दहा पायऱ्यांना थांबत चढली. आत गेली, हात जोडले आणि भिंतीला कपाळ टेकवले. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "झाले माझे." बंडूने भिंतीवरून हात फिरवला आणि विचारले, "बाबा, हे बांधले कोणी?" मी म्हणालो, "इंग्रजांनी."

हे उत्तर चुकीचे होते, ते मला त्याच रात्री कळले.

रात्री टँकर आला. मालक, त्यांचा मुलगा आणि नोकर नळी ओढत होते. बंडूही जाऊन हंडे लावू लागला. देवपूरच्या पोराला ही विद्या शिकवावी लागत नाही. काम आटोपल्यावर आम्ही गॅलरीत बसलो. मालकीणबाईंनी आईसाठी खिचडी करून पाठवली होती. बोलता बोलता बंडूने विचारले, "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलेच."

"त्याच्या आधी?"

ते हसले. "पणजोबा जहाजातून आले. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर. कुठल्या गावचे ते कुणाला ठाऊक नाही."

मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे राजबंदी!"

"नाही साहेब. साधे कैदी."

आणि तेव्हा माझ्या तोंडून जे निघाले ते आठवले, की आजही मला कसेसे होते. मी विचारले, "गुन्हा काय केला होता?"

कुणीच काही बोलले नाही. खाली टाकीत पाणी पडत होते तेवढाच आवाज. मग ते म्हणाले, "कुणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. इथल्या जुन्या घरांत तो प्रश्न विचारत नाहीत. आजी एवढेच सांगायची, की मोठ्या तुरुंगाच्या विटा त्यांनी वाहिल्या."

बंडूने माझ्याकडे पाहिले. मी खिचडीकडे पाहिले.

वाचकहो, आपण अंदमान म्हटले की मोजकी नावे घेतो, आणि ती घ्यावीतच. पण ही वसाहत त्या तुरुंगाहून जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, २०० कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरली. मग वर्षानुवर्षे जहाजे येत राहिली. जंगल तोडले कैद्यांनी, रस्ते केले कैद्यांनी, आणि ज्या भिंतीला आईने कपाळ टेकवले तीही कैद्यांच्याच हातची. सुटका झाल्यावर त्यांतले अनेक तिथेच राहिले, कैदी स्त्रियांशी लग्ने करून संसार मांडले. कुठला बंगाली, कुठला पंजाबी, कुठला मद्रासी. मुलाबाळांची भाषा झाली हिंदी. जुन्या जाती तिथल्या मातीत बऱ्याच विरघळल्या.

आणि आपल्याकडचे? आमच्या देवपुरावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. तो उत्तरेला सेंधव्याच्या घाटात शिरतो. त्या सातपुड्यात भिल्लांना घेऊन इंग्रजांशी लढलेला भीमा नायक १८६७ मध्ये पकडला गेला. त्याला काळ्या पाण्यावर पाठवले आणि १८७६ मध्ये पोर्ट ब्लेअरलाच त्याचा अंत झाला. तेव्हा सेल्युलर जेलची एक वीटही रचलेली नव्हती. आमच्याच रस्त्याकडचा माणूस. पण आमच्या घरात बंडूला त्याचे नाव ठाऊक नव्हते. बंडूचे कशाला, मलाही ते त्या रात्री फार उशिरा आठवले.

आई बराच वेळ गप्प होती. मग मालकांना म्हणाली, "सकाळी मी भिंतीला नमस्कार केला ना, त्यात तुमच्या पणजोबांनाही पोचला असेल हो." मी त्याचे हिंदी करून सांगितले. त्यांनी मान खाली घातली आणि उठून उगाच टाकीचे झाकण पाहायला गेले.

चौथ्या दिवशी निघताना हिशेब मागितला. कागदावर शेवटच्या ओळीत लिहिले होते : पाण्याबद्दल २०० रुपये वजा. मी पहिल्या दिवशी केलेली गर्जना त्यांनी विसरली नव्हती. मी म्हणालो, ते खोडा. ते म्हणाले, बोलणे झाले आहे. मी नोटा पुढे सरकवल्या, त्यांनी परत सरकवल्या. असे तीनदा झाले. शेवटी आईने पिशवी उघडली. प्रवासात लागतील म्हणून तिने ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड आणले होते, ते सारे तिने त्यांच्या मेजावर ठेवले. पैशाला नाही म्हणता येते, बिबड्यांना कसे म्हणणार? निघताना ती म्हणाली, "भाऊ, आमना गावले येजो." हे मात्र भाषांतराशिवाय कळले.

विमानात मी सौ.ला म्हटले, "दोनशे रुपये राहिलेच की." ती म्हणाली, "अहो, राहू द्या. आठवण राहील तुम्हाला." तिचे म्हणणे खरे ठरले आहे.

दिवाळीच्या सुटीत तिकडे जाणाऱ्या वाचकांना दोनच सूचना. बेटाबेटांमधल्या बोटींची तिकिटे आधी काढून ठेवा. आणि लॉज साधे असले तर बिचकू नका, पण पाण्याची चौकशी करा. चौकशी म्हणतो मी, तोफ नव्हे. आणि कुणी "इथलाच" म्हणाला, तर पुढे विचारू नका.

परवा आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पाण्याची आखणी चालली होती. कोणाला किती बादल्या, बंब किती वाजता पेटवायचा, हे आई बोटांवर मोजत होती. तेवढ्यात पोर्ट ब्लेअरहून फोन आला. यंदा पाऊस भरपूर झाला, धरण भरले, नळ येतो आहे, माँजींना सांगा, असे मालक म्हणत होते. मी आईला सांगितले.

"आपल्याकडचेही सांग त्यांना," आई म्हणाली. "म्हणावे, पांझरेला पाणी आहे. आता यायला हरकत नाही."